भाट्याच्या खाडीतली टकटक

ही गोष्ट खरी आहे. कोणाला हसायचं असेल तर त्याने आत्ताच हसून घ्यावं.

यात अमावास्या नाही, स्मशान नाही, पिंपळही नाही. जे घडलं ते भर दुपारी, लख्ख उन्हात घडलं. जागा, रत्नागिरीचा राजिवडा, भाट्याच्या खाडीवरचा धक्का. वार शुक्रवार. साल १९५६, आंब्याला मोहोर आलेला.

घडलं ते आमच्या मन्सूरचाचांच्या बाबतीत. तेव्हा ते ऐन पंचविशीत होते, म्हणून गोष्टीपुरतं त्यांना नुसतं मन्सूर म्हणतो. चाचा रागावणार नाहीत. या विषयावर ते रागावतही नाहीत आणि बोलतही नाहीत. मला जे कळलं ते सगळं त्यांच्या बहिणीकडून, सईदाफुफीकडून.

मन्सूर मुंबईला एका विमान कंपनीत सहवैमानिक होता. नाखव्याचा मुलगा, ज्याच्या बापाची फत्तेमारी मलबारपर्यंत जायची, तो डाकोटा विमान चालवत होता. राजिवड्याला त्याचं भारी कौतुक.

पण मन्सूर त्या दिवसांत नुसता धुमसत होता.

कंपनीने त्याला 'इन्स्ट्रुमेंट रेटिंग'च्या कोर्सला घातलं होतं. म्हणजे बाहेरचं काहीही न बघता, फक्त समोरच्या काट्यांवर विमान चालवायला शिकायचं. ढगात शिरलात, धुकं आलं, तर उपयोगी पडणारी विद्या. परीक्षेत वैमानिकाच्या कपाळावर कॅनव्हासची मोठी झापड बांधतात. त्याला समोरच्या तबकड्या दिसतात, बाकी काही नाही. शेजारच्या खुर्चीत परीक्षा घेणारा चेक पायलट बसतो.

मन्सूर दोनदा नापास झाला होता. दोन्ही वेळा एकाच चुकीने.

झापड बांधली की त्याला वाटायचं, विमान डावीकडे कललंय. काटा सांगायचा, सरळ आहे. पण मन्सूरचं अंग होडीत वाढलेलं. होडी कलली की माणूस विचार न करता उलट्या बाजूला झुकतो, तसाच तो झुकायचा. हात अंगाबरोबर जायचा आणि सरळ चाललेलं विमान खरंच कलायचं.

आणि मग ती टकटक...

काचेवर नखाने मारल्यासारखी. टक. टक. ज्या तबकडीकडे बघायला हवं, नेमकी तिच्यावर.

मन्सूरला त्या आवाजाची चीड यायची. त्याला वाटायचं, हा म्हातारा चेक पायलट, कॅप्टन भेसानिया, तोंडाने काही सांगत नाही आणि वर टिचक्या मारून मला घाबरवतो. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर भेसानियाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "डिकरा, आधी ते बोटांचे चाळे बंद कर. फार त्रास होतो मला."

बोटांचे चाळे? मन्सूरला कळेना. त्याचे हात तर विमानाच्या दांड्याला घट्ट चिकटलेले असायचे. नापास करायचंच म्हटलं की काहीही खुसपट काढतात, असं मनाशी म्हणून तो तणतणत बाहेर आला होता.

आता तिसरी परीक्षा शेवटची होती. त्यातही गेला तर कंपनी त्याला विमानातून उतरवणार, हे त्याला स्पष्ट सांगितलं होतं. त्याआधी थोडी रजा मिळाली आणि तो घरी आला.

घरी तरी चैन पडावं? बाप, गुलाम रसूल नाखवा, ओटीवर बसून जाळं विणता विणता म्हणाला, "काट्यावर कोण जातो रे? दर्यावर बसल्या जागी कळतं माणसाला. अंगाचं ऐकावं."

"तेच तर विसरायचंय बाबा," मन्सूर करवादला.

त्याने मग एक शक्कल लढवली. बापाची एक लहान होडी धक्क्याला बांधलेली होती. तिच्यात त्याने आंब्याच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून एक खोपटं केलं आणि वरून जुन्या शिडाचं कापड टाकलं. आत बसलं की गुडुप अंधार. समोर फळी, फळीवर पुठ्ठ्याच्या तबकड्या. उंचीची, वेगाची, वळणाची, दिशेची. फळीला एक भोक पाडून त्यातून थोडा उजेड येऊ दिला, तबकड्यांपुरता. काटेही पुठ्ठ्याचे, पाठीमागून सुतळीने फिरणारे. दांड्याच्या जागी मोडकं वल्हं. फळीमागे, होडीच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकाला, सईदा बसायची. मन्सूर ओरडून सांगायचा, 'उजवीकडे वळतोय', 'वर चाललोय', की ती सुतळी ओढून तसे काटे फिरवायची.

होडीतच का? कारण होडी हलते. खाली खाडी अंगाला एक सांगणार, समोर काटा दुसरंच सांगणार. अंगाचं ऐकायचं नाही, काट्याचं ऐकायचं. हीच तर सवय त्याला लावायची होती.

सगळा राजिवडा हसला. "नाखव्याचा पोरगा होडीतून इमान उडवतोय," असं म्हणत बायका पाण्याला जाताना मुद्दाम धक्क्यावरून जायच्या. मन्सूर कापडाखाली घामाने निथळत, दात-ओठ खात ऐकायचा.

आणि जमत तर काहीच नव्हतं. भरतीची एक लाट आली की त्याचं अंग झुकायचं. वल्हंही झुकायचं.

"भाय, परत चुकलास," पलीकडून सईदा म्हणायची.

"मला दिसतंय. तू काटे नीट फिरव."

असे कितीतरी दिवस गेले. मग तो शुक्रवार उजाडला.

सगळे पुरुष जुम्म्याच्या नमाजाला मशिदीत गेले होते. मन्सूर गेला नाही. बापाशी त्यावरून सकाळीच खटका उडाला होता. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. अजान झाली, थांबली. मासळीवर तुटून पडणारे कावळेसुद्धा त्या दिवशी कुठे गेले होते कोण जाणे.

मन्सूर कापडाखाली बसला. फळीमागे सईदा. सुरुवात झाली.

पहिल्याच वळणाला तो चुकला...

टक. टक.

मन्सूर भडकला. "सईदा, तू पण? टिचक्या मारू नकोस."

"मी कशाला टिचक्या मारू? माझे दोन्ही हात सुतळीत अडकलेत."

"मग आवाज कुठून आला?"

"मला नाय आला कसलाच आवाज."

पण एक गोष्ट मन्सूरच्या डोक्यातून जाईना. आवाज काचेचा होता. त्याच्यासमोर काच नव्हतीच. पुठ्ठा होता.

वैतागून त्याने पुन्हा वल्हं धरलं. "चालू कर," म्हणाला.

थोड्या वेळाने त्याला वाटलं, होडी हलकी झाली. नाळेकडून किंचित वर उचलली गेली, कोणी उतरल्यावर उचलली जाते तशी.

नाखव्याच्या मुलाला हे कळणारच. होडीतून मांजर उतरलं तरी त्याला कळलं असतं.

पण त्याने स्वतःला दटावलं. अंगाचं ऐकायचं नाही. काट्यांकडे बघ.

काटे तर फिरत होते.

मग... होडी पुन्हा बसली.

सावकाश. नाळेकडूनच. कोणीतरी अंग सांभाळत पाय टाकावा तशी. आणि जरा जास्तच खाली बसली. सईदा काटकुळी होती. एवढा भार तिचा नव्हता.

मन्सूरच्या मानेवर काटा आला. तरी त्याने मान वळवली नाही. लाट असेल, मनाशी म्हणाला. आजवर याच अंगाने दोनदा दगा दिला होता, तिसऱ्यांदा त्याचं ऐकायचं नाही.

"डावीकडे वळतोय," त्याने सांगितलं.

काटा डावीकडे वळला. अगदी संथ. सईदाच्या हाताला नेहमी हिसका असायचा, आज तो नव्हता. खऱ्या तबकडीतला काटा फिरतो तसा तो पुठ्ठ्याचा काटा फिरत होता.

मन्सूरचं अंग उजवीकडे झुकू लागलं...

टक. वळणाच्या तबकडीवर. त्याने डोळे तिथे नेले. हात थांबला.

टक. उंचीच्या. त्याने वल्हं जरा मागे घेतलं.

टक. टक. दिशेच्या.

आणि त्याला जमू लागलं. खालून खाडी हलत होती, अंग ओरडून काहीबाही सांगत होतं, पण डोळे त्या आवाजामागून जात होते आणि हात डोळ्यांमागून. एकही चूक नाही. सगळा कोर्स संपला तरी जे जमलं नव्हतं ते त्या दुपारी जमलं. मन्सूरला रडू यायचं बाकी राहिलं होतं.

"जमलं गो सईदा," तो म्हणाला. "आज जमलं."

उत्तर नाही.

"सईदा?"

काटे थांबले. सगळे एकदम.

त्याने कापड फेकून दिलं. ऊन डोळ्यांवर आलं. फळीमागे कोणी नव्हतं. सुतळ्या सैल लोंबत होत्या.

आणि सईदा वर, वस्तीच्या पायवाटेवरून, शेजारच्या रझियाबरोबर धक्क्याकडे चालत येत होती.

"तुला सांगून तर गेले," जवळ आल्यावर ती म्हणाली. "रझियाची गाय विहिरीच्या कठड्यात अडकली म्हणून हाक आली. 'जाते' म्हणाले, तू 'हं' म्हणालास."

मन्सूर 'हं' म्हणाला नव्हता.

त्याने ते तिला सांगितलं नाही. पण सईदा होडीकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "भाय, तू उतर ना खाली."

तो उतरला. होडी त्याच्या बाजूने वर आली.

नाळेची बाजू मात्र आली नाही.

त्या दिवसानंतर सईदा होडीत बसली नाही. मन्सूरने हट्ट केला, रागावला, विनवलं. ती ऐकेना. एकटा बसायला त्याची छाती होईना. रजेचे उरलेले दिवस त्याने ओटीवर नखं खात काढले आणि तसाच मुंबईला गेला.

तिसरी परीक्षा सांताक्रूझहून झाली. आकाश निरभ्र. कपाळावर झापड. शेजारी भेसानिया.

विमान वर गेलं. लगेच अंग बोलू लागलं, डावीकडे कललंय, डावीकडे...

टक.

मन्सूरला आज चीड आली नाही. त्याने मुकाट्याने त्या तबकडीकडे बघितलं. मग पुढची टक. मग पुढची. वळणं झाली, चढणं-उतरणं झालं, विमान धावपट्टीच्या रेषेत अचूक आलं. भेसानियाने झापड काढायला सांगितली आणि विमान स्वतः उतरवलं.

इंजिनं बंद झाली.

"पास," भेसानिया म्हणाला. "सुरेख चालवलंस. पण ते टकटक करणं सोड बाबा. आज तर तू कहर केलास."



"कॅप्टन, माझे दोन्ही हात दांड्यावर होते. मला वाटलं, तुम्ही वाजवता."

भेसानियाने आपल्या हातांकडे पाहिलं. हातात जाड लोकरीचे मोजे होते. संधिवातामुळे तो ते विमानात कधीच काढत नसे.

मोज्यातल्या बोटाने काचेवर तसा आवाज निघत नाही.

"तीनही वेळा?" त्याने विचारलं.

"तीनही वेळा."

भेसानियाने सिगारेट काढली, ओठात धरली आणि पेटवायची विसरला. बराच वेळ तो दोन खुर्च्यांच्या मागच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. मग उठताना एवढंच म्हणाला, "घरी जाऊन ये. कोणाला सांगू नकोस."

मन्सूर घरी आला. राजिवड्याने साखर वाटली. ज्या बायका हसल्या होत्या त्यांनीच दृष्ट काढली. मन्सूर हसत होता, पण त्याच्या तोंडाची चव गेली होती. पास झालो म्हणजे नक्की कोण पास झालं, हा प्रश्न त्याला गोड लागू देईना.

दुपारी बाप त्याला धक्क्यावर घेऊन गेला.

होडी तिथेच बांधलेली होती. खोपटं काढून टाकलेलं. आत काही नाही, वल्हंसुद्धा नाही. ओहोटीचं पाणी काचेसारखं स्थिर.

रिकामी होडी नाळेकडून खाली बसली होती.

"गळती नाय," गुलाम रसूल म्हणाला. "तळ बघितला, पाणी उपसलं. किनाऱ्यावर ओढली की सरळ बसते. पाण्यात घातली की अशी. चाळीस वर्षं होड्या बघतोय मी. होडीत माणूस बसला की ती कशी बसते ते मला नको शिकवू."

मन्सूरने मान लांब करून नाळेत बघितलं.

"तू आणलंस ना त्याला? मग तूच सांग. उतर म्हणावं."

मन्सूर दोन पावलं पुढे गेला. दोर हातात घेतला. बाप मागे उभा होता, सईदा वर पायवाटेवर. एक शब्द बोलायचा होता. तोंड उघडलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पुढच्या आठवड्यातलं उड्डाण आलं. ढग, मागे बसलेले प्रवासी, आणि डावीकडे कलल्यासारखं वाटणारं त्याचं स्वतःचं अंग. कोणी टकटक केली नाही तर?

त्याने दोर खाली ठेवला.

"असू दे बाबा," तो म्हणाला.

त्यानंतर बापलेकांत विमानाचा विषय निघाला नाही.

मन्सूरचाचा पुढे आयुष्यभर उडले. एकदाही अपघात नाही. शेवटी शेवटी ते स्वतः चेक पायलट झाले. त्यांच्या हाताखालची पोरं म्हणायची, साहेब फार चांगले, फक्त ती काचेवर टकटक करण्याची खोड तेवढी वाईट.



आता ते रत्नागिरीतच असतात. परवा मी त्यांच्या घरी गेलो होतो. ते आरामखुर्चीत डुलकी काढत होते. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर... टक. टक.

मी लगेच उठलो. चहाला थांबलो नाही.