तापल्यावर चुकणारा संगणक

एकाच संगणकाला एकच प्रश्न दोनदा विचारला. पहिल्या वेळी त्याचं उत्तर आलं, ‘पश्चिम’. दुसऱ्या वेळी आलं, ‘पूर्व’. प्रश्न तोच, नोंदी त्याच, यंत्रही तेच. मग उत्तर बदललं कसं?

वरंडोलीच्या बाजारपेठेत, परकारचाचांच्या जुन्या संगणकांच्या दुकानात मावशीबरोबर उभी असलेली शाल्मली पडद्यावरच्या त्या शब्दाकडे बघतच राहिली. एरवी असलं कोडं मिळालं असतं तर ती हरखून गेली असती. पण आज तिचे आईबाबा आणि धाकटा भाऊ उंबरशेत वाडीच्या देवळात, सगळ्या गावकऱ्यांबरोबर, सामान बांधून निरोपाची वाट बघत बसले होते. आणि तो निरोप काय असणार, हे अशाच एका यंत्राच्या उत्तरावर ठरणार होतं.

झालं होतं असं. उंबरशेतच्या डोक्यावर कावळटोक नावाचा डोंगर आहे. चार दिवसांच्या पावसाने त्याच्या माथ्यावर लांबलचक भेग पडली होती. शाल्मलीची वृंदामावशी भूवैज्ञानिक. दरडी का आणि कशा कोसळतात, याचा अभ्यास करायला तिने शेजारच्या टेकडीवर एक छोटं केंद्र उभारलं होतं. डोंगराच्या पोटात तिने शेकडो संवेदक (माती किती हलली, पाणी किती मुरलं हे कळवणारी उपकरणं) पुरून ठेवले होते. त्यांच्या नोंदी गोळा करायला काजवा नावाचा सहा पायांचा यंत्रमानव दिवसभर उतारावर फिरत असे. पण काजवा फक्त निरोप्या होता. एवढ्या नोंदींचं गणित मांडून ‘दरड अमुक बाजूला येईल’ असं सांगण्याइतकी ताकद त्याच्यात नव्हती. ते काम केंद्रातला मोठा संगणक करायचा, आणि तो पहाटे पडलेल्या विजेने जळून गेला होता.

लोकांना हलवायचं, हे ठरलंच होतं. कुठे हलवायचं, ते ठरत नव्हतं. वाडीतून बाहेर पडायला दोनच वाटा होत्या. एक पूर्वेच्या ओढ्याकडे जाणारी, दुसरी पश्चिमेच्या शाळेकडे. दरड यांपैकी कुठल्या तरी एका बाजूला उतरणार होती. चुकीची वाट सांगितली, तर माणसं आपल्या पायांनी दरडीखाली चालत गेली असती.

त्या काळात अशी मोठी गणितं माणसं दूरच्या शहरांतल्या संगणकगृहांकडे पाठवून देत. घरात टेबलावर भला थोरला संगणक ठेवायची पद्धत मागे पडली होती. पण घाटातल्या पडझडीत वरंडोलीची केबल तुटली होती. रेडिओवरून बोलता येत होतं, एवढ्या नोंदी पाठवता येत नव्हत्या. नवा संगणक जिल्ह्याहून ड्रोनने निघणार होता, तोही वारा पडल्यावर, म्हणजे उद्या सकाळी. आजच्या आज गणित करू शकेल असं एकच यंत्र आसपास होतं. परकारचाचांच्या दुकानातला हा जुना डेस्कटॉप. एका चित्रपटवाल्याने वापरून विकलेला, काळ्या पेटीतला, दमदार.

तो घ्यायचा की सकाळपर्यंत थांबायचं?

चाचांनी यंत्र चालू करून दाखवलं तेव्हा ते झटकन उजळलं. पडदा स्वच्छ, पंखा सुरू, सगळं ठाकठीक. चाचांनी ते स्वतः दोन आठवडे दुकानात वापरलं होतं आणि त्याने एकदाही त्रास दिला नव्हता. शाल्मलीला वाटलं, आता उचलायचं आणि निघायचं. पण मावशीने खिशातून एक पेनड्राइव्ह काढला. दोन वर्षांपूर्वी घोणसमाळावर दरड कोसळली होती, तिच्या साऱ्या नोंदी त्यात होत्या. ती दरड पश्चिमेला उतरली, हे अख्ख्या तालुक्याने पाहिलं होतं.

मावशी म्हणाली, “जुनं यंत्र घेताना त्याला असा प्रश्न विचारावा, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे. आणि तो सोपा नसावा. घाम फोडणारा असावा.”

पहिल्या वेळी उत्तर बरोबर आलं. मावशीने लगेच तेच गणित पुन्हा लावलं, आणि आता पडद्यावर ‘पूर्व’ हा शब्द होता.

चाचांचा चेहरा उतरला. त्यांनी पेटीवर हात ठेवून पाहिला आणि ती चांगलीच तापल्याचं सांगितलं.

“यंत्र बंद पडलं असतं तर परवडलं असतं,” मावशी हलक्या आवाजात म्हणाली. “बंद पडलेलं यंत्र निदान खोटं तरी सांगत नाही.”

शाल्मलीने विचारलं की यंत्र खोटं कसं सांगेल, त्याला काय कळतं? मावशीने दुकानाच्या दाराबाहेर पागोळ्यांखाली ठेवलेल्या बादल्यांकडे बोट केलं. संगणकात रॅमच्या पट्ट्या असतात, ती सांगू लागली. रॅम म्हणजे तात्पुरती स्मृती. हातातलं काम संगणक तिथे मांडून ठेवतो. त्या पट्टीत डोळ्यांना न दिसणाऱ्या कोट्यवधी इवल्या बादल्या आहेत अशी कल्पना कर. त्यांत पाण्याऐवजी विजेचा भार भरतात. भरलेली बादली म्हणजे एक, रिकामी म्हणजे शून्य. संगणकाचे सगळे आकडे या एक आणि शून्यांतच लिहिलेले असतात. पण या बादल्या झिरपतात. म्हणून संगणक एका सेकंदात कितीतरी वेळा फेरी मारतो आणि भरलेल्या बादल्या पुन्हा काठोकाठ भरत जातो.

“आणि तापल्यावर?”

“तापल्यावर जास्त झिरपतात. चांगली बादली तेवढं सोसते. एखादी अधू असेल, तर फेरी पोचायच्या आत रिकामी होते.”

मावशीने दुकानातल्या पाटीवर खडूने ११०१ असं लिहिलं. एक आणि शून्यांच्या भाषेत हा आकडा तेरा. त्यातला डावीकडचा पहिला एक तिने बोटाने पुसून तिथे शून्य लिहिलं. आता तो पाच झाला. एक बादली सांडली आणि तेराचे पाच झाले. संगणकाला याचा पत्ताही नसतो. तो त्या पाचवर पुढचं सगळं गणित अगदी इमानाने करतो.

इतक्यात मावशीच्या खांद्यावरचा रेडिओ खरखरला. काजवा बोलत होता. त्याच्या आवाजात कधी चढउतार नसे.

“भेग रुंदावते आहे. माथ्यावरचं पाणी आत जातं आहे. वेग सकाळच्या दुप्पट.”

मावशीने पटकन पेनड्राइव्ह काढून घेतला. ती म्हणाली की हे यंत्र नको. सकाळची वाट बघू, तोवर लोकांना देवळातच बसू दे. पण बोलता बोलता तिचा स्वर अडखळला, कारण देऊळ डोंगराच्या पायथ्याशीच होतं. आणि सकाळपर्यंत डोंगर थांबेल, असं आता तिलाही वाटत नव्हतं.

चाचा तोवर पेचकस घेऊन सरसावले होते. पंख्यातली धूळ काढतो, प्रोसेसरवरचा (आकडेमोड करणाऱ्या मुख्य भागावरचा) उष्णता बाहेर नेणारा, आता सुकलेला लेप बदलतो, रॅमच्या पट्ट्या उलटसुलट करून बसवतो, सगळं एकदम करून टाकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मावशीनेही मान डोलावली. घाई दोघांनाही झाली होती.

“सगळं एकदम नको,” शाल्मली म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिने आपल्या अंगावर उठणाऱ्या पित्ताच्या गांधींची गोष्ट सांगितली. गेल्या वर्षी तिला काही खाल्लं की गांधी उठायच्या. आजीने एकदम अंडी, शेंगदाणे, मासळी, सगळंच बंद केलं. गांधी थांबल्या, पण कशामुळे उठत होत्या ते काही कळलं नाही. मग आईने एकेक पदार्थ परत सुरू केला. कोळंबीचं कालवण जेवली त्या दिवशी अंग पुन्हा फुललं, आणि चोर सापडला.

“आपण सगळं एकदम बदललं आणि उत्तर बरोबर आलं, तर ते कशामुळे आलं? पेटी उघडल्यावर ती गार होईल, तेवढ्यानेही येईल. मग डोंगरावर जाऊन तापली की पुन्हा चुकेल.”

मावशी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “एका वेळी एकच बदल. बाकी सगळं जसंच्या तसं. चाचा, धूळ राहू द्या.”

यंत्रात रॅमच्या चार पट्ट्या होत्या. एकेक तपासत बसायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी आधी निम्म्या काढल्या. यंत्र गार पडू नये म्हणून पेटीभोवती गोणपाट गुंडाळलं. ज्या उकाड्यात ते चुकतं, त्याच उकाड्यात त्याची परीक्षा व्हायला हवी होती. गणित लावलं. हिरवी पट्टी पडद्यावर गोगलगाईसारखी सरकू लागली. शाल्मली नखं कुरतडत उभी राहिली.

‘पश्चिम’. पुन्हा लावलं. ‘पश्चिम’. तिसऱ्यांदाही तेच.

चाचांनी सुस्कारा सोडला आणि पेटी बांधायला दोरी शोधू लागले. पण शाल्मली काढून ठेवलेल्या दोन पट्ट्यांकडे बघत होती. गोणपाटाखाली यंत्र चुकलं नव्हतं खरं, पण ते आत्ता नशिबाने बरोबर आलं असेल तर? कोळंबी पुन्हा खाल्ली तेव्हाच आईची खात्री पटली होती.

“मावशी, त्या परत लावून बघू या. चूक परत आली पाहिजे.”

“शमू, वेळ नाही गं.”

“खात्री नसेल तर वेळ वाचवून काय करायचं?” शाल्मली म्हणाली. देवळातल्या पायरीवर बसलेला भाऊ तिला डोळ्यांसमोर दिसत होता. लवकर चल, लवकर चल, असं तिचंही मन म्हणतच होतं.

मावशीने चांगल्या पट्ट्या काढून त्यांच्याच खाचांत संशयित पट्ट्या बसवल्या. गणित निम्म्यावरही पोचलं नव्हतं, तोच उत्तर भरकटलं. दरड चक्क डोंगर चढून वर जाते आहे, असं चित्र पडद्यावर आलं. एरवी सगळे हसले असते.

आता शंका उरली नाही. दोष यंत्रात नव्हता, त्या दोन पट्ट्यांत होता. चाचांनी त्या बाजूला ठेवल्या, चांगल्या दोन घट्ट बसवल्या आणि पेटी स्वतः उचलून जीपमध्ये नेऊन ठेवली. पैशांचं मावशीने विचारलं तेव्हा, वाडीतली माणसं सुखरूप निघाली की बघू, एवढंच म्हणाले.

केंद्रात पोचल्यावर नवीनच अडचण समोर आली. घोणसमाळाच्या मानाने कावळटोक खूप मोठा, आणि स्मृती निम्मी झालेली, त्यामुळे अख्खा डोंगर एकदम यंत्रात मावेना. मावशीने त्याचे तुकडे पाडले. एका तुकड्याचं गणित करायचं, उत्तर चकतीवर (कायमच्या साठवणीत) लिहायचं, स्मृती रिकामी करायची आणि पुढचा तुकडा घ्यायचा. लहान ओट्यावर मोठा स्वयंपाक उरकावा तसं. काम बिनचूक होत होतं, पण सावकाश. बाहेर उजेड उतरत चालला होता. रेडिओवर बाबा मधूनमधून विचारत होते, आणि मावशी प्रत्येक वेळी म्हणत होती, अजून थोडं थांबा.

काजव्याचा निरोप आला. “उतारावरची झाडं कलत आहेत.”

मावशीने त्याला ताबडतोब परत फिरायला सांगितलं. शेवटचा तुकडा संपला. पडद्यावर डोंगराची आकृती उमटली, आणि तिच्या एका अंगावर लाल पट्टा. ‘पूर्व’.

मावशीचा हात रेडिओकडे गेला आणि तिथेच थांबला. दुकानात चुकीचं आलेलं उत्तरही ‘पूर्व’च होतं. शाल्मलीलाही तेच आठवलं होतं. पण ते उत्तर दुसऱ्या डोंगराचं आणि अधू पट्ट्यांचं होतं. या पट्ट्या तापवून, पुन्हा पुन्हा विचारून पारखलेल्या होत्या.

“बरोबर आहे ते,” शाल्मली म्हणाली. “आपण तपासलंय.”

मावशीने बटण दाबलं. “भाऊजी, पश्चिमेकडे. सगळ्यांना घेऊन शाळेकडे चला. ओढ्याच्या वाटेला कोणी जायचं नाही.”

टेकडीवरून त्यांना माणसांची रांग दिसत होती. डोक्यावर गाठोडी, हातात दोर धरलेली गुरं, पाठीवर म्हातारी माणसं. रांगेचं टोक शाळेच्या आवारात शिरलं आणि थोड्याच वेळात डोंगरातून घरघर ऐकू आली. कावळटोकाचा माथा आधी खचला, मग तांबड्या मातीचा लोंढा झाडांसकट पूर्वेच्या ओढ्यात उतरला. ओढ्याची वाट दिसेनाशी झाली. देवळाचा कळससुद्धा.

बराच वेळ रेडिओ गप्प होता. मग बाबांचा आवाज आला. त्यांनी मोजणी केली होती. सगळे होते.

शाल्मली जमिनीवरच बसली आणि रडू लागली. मावशी तिच्या शेजारी बसली. चिखलाने माखलेला काजवा दारातून आत आला आणि दोघींसमोर मुकाट उभा राहिला.

सकाळी वारा पडला आणि ड्रोनने नवा कोरा संगणक आणून ठेवला. मावशीने तो लगेच जोडला, पण जुना काढला नाही. दोघांनाही एकच गणित द्यायचं आणि उत्तरं ताडून बघायची, असं तिने ठरवलं. दोघं जुळले तर विश्वास ठेवायचा.

“आणि नाही जुळले तर?” शाल्मलीने विचारलं. “कोण चुकलं ते कसं कळणार?”

मावशी हसली. म्हणाली, अवकाशात यानं पाठवणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता. तू विचार कर, उत्तर सापडेल.

शाल्मली खिडकीशी जाऊन बसली. समोर डोंगराची उघडी पडलेली तांबडी बाजू उन्हात वाळत होती, आणि काजवा नवे संवेदक पाठीवर घेऊन तिकडे निघाला होता. तो वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली, मग एकदम वळून म्हणाली, “तीन. तीन यंत्रं हवीत. दोघांचं जुळलं की तिसरं पकडलं जाईल.”

“मग शोधायला लाग,” मावशी म्हणाली.