राहिलेलं हसू

जूनमधली गोष्ट. क्योतोच्या स्टुडिओत चार भुताच्या गोष्टींचा मिळून एक चित्रपट चालला होता. ओबोनला, म्हणजे पितर घरी येतात त्या दिवसांत, तो थिएटरात लागायचा होता, म्हणून आम्ही सगळे घाण्याला जुंपलेले होतो. पत्र्याचं छप्पर, वर तापलेले दिवे, आणि दमट चटयांचा वास.

माझं काम नोंदींचं. कोणाचा हात कुठे होता, मेणबत्ती किती जळली होती, ते वहीत लिहायचं. शिवाय एक काम न सांगता अंगावर आलेलं. आमच्याकडे मेलेल्याचं सोंग घेतलं की त्या नटाने त्याच अंथरुणात उठून बसायचं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. ती चार सेकंदांची पट्टी चित्रपटात कोणी लावत नाही, पण ती घेतल्याशिवाय घरीही कोणी जात नाही. ती घेतली की नाही, हे बघायचं माझ्याकडे होतं.

तिसऱ्या गोष्टीतल्या सासूच्या मरणाचा शॉट संध्याकाळी पाचला संपला. सासूचं काम करत होत्या हामुरो तात्सुए, सदुसष्ट वर्षांच्या. जुन्या नाटकवाल्या, तोंडाने फटकळ.

"फुमिसान, माझं हसू राहिलंय," त्या पडल्या पडल्याच मला म्हणाल्या. "का मला इथेच पुरून जाताय?"

कॅमेऱ्यातली फिल्म संपली होती. नवी चढवायची म्हणजे पंधरा मिनिटं गेली. मी कॅमेरामन कुराताला डोळ्याने खुणावलं आणि त्याने रिकामाच कॅमेरा फिरवला. हामुरोसान छान हसल्या. मी वहीत 'घेतलं' असं लिहून टाकलं. मला लाजही वाटली नाही, इतकी मी दमले होते.

सासू जिवंत असतानाचे प्रसंग पुढच्या तीन दिवसांत घेतले. हामुरोसान सगळ्यांच्या आधी फ्लोअरवर असायच्या. डबा उघडायच्या नाहीत. कोणाला टोमणाही मारायच्या नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी धुतलेली रिळं आली. कुराता आणि मी बघायला बसलो. मरणाचा शॉट उत्तम आला होता. पुढच्या रिळात सूनबाई चहा घेऊन आली, वाकली, "आई, घ्या ना," म्हणाली... आणि समोर कोणी नव्हतं. नुसती उशी होती. चहाचा पेला आपोआप वर उचलला गेला. तिन्ही दिवसांची रिळं तशीच होती.

कुराताने उठून हामुरोसानच्या घरमालकिणीला फोन लावला. परत येऊन दारातूनच म्हणाला,

"त्या तीन दिवस घरी गेल्याच नाहीत म्हणे... मालकीणबाईंना वाटलं, स्टुडिओतच झोपतात."

आम्ही फ्लोअरवर गेलो. जेवणाची सुट्टी होती, दिवे बंद होते. हामुरोसान मरणाच्या त्याच अंथरुणात पडून होत्या. जवळ गेल्यावर ओल्या मातीचा वास आला.

"झोप येत नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "आणि उठल्यासारखंही वाटत नाही..."

मला रडू आलं. "माझी चूक आहे. त्या दिवशी कॅमेरा रिकामा होता."

त्या छताकडे बघतच म्हणाल्या, "मग आता घ्या."

कुराताने नवी फिल्म चढवली. त्या उठून बसल्या, पण ओठ काही हलेनात. "येत नाहीये, फुमिसान... विसरले बहुतेक."

मी त्यांच्याशेजारी अंथरुणात जाऊन बसले. हात धरला, तो चटईइतकाच गार होता. आणि मीच हसायला लागले. आधी खोटं, मग थकव्याने आवरेनासं झालं, तसं खरं. आणि त्याही हसल्या.

"काय घोड्यासारखं हसता हो तुम्ही," असं म्हणून त्या उठल्या, भूक लागली म्हणाल्या आणि गेल्या. घरी जाऊन सोळा तास झोपल्या. नंतर अकरा वर्षं ठणठणीत जगल्या.

ती पट्टी दुसऱ्या दिवशी आली. त्यात हामुरोसान खळखळून हसत होत्या. त्यांच्या शेजारी कोणी नव्हतं. त्यांचा हात मात्र हवेत, कोणाचा तरी हात धरल्यासारखा.

"तुम्ही तिथेच बसला होतात ना?" कुराताने विचारलं.

"तिथेच."

त्याने यंत्र बंद केलं. "तुमचंही घेऊ या आता. फक्त... एकट्याने हसू येत नाही, शेजारी कोणीतरी बसायला लागेल."

तो जागचा हलला नाही. खाली बघत म्हणाला, "मला दोन मुली आहेत, फुमिसान."

मी असू दे म्हटलं. याला आता चौदा वर्षं झाली. मधे दोनदा अगदी ओठांवर आलं होतं, जरा इथे शेजारी बसता का म्हणून. दोन्ही वेळा समोरचं माणूस भलं निघालं, म्हणून गप्प राहिले.