पाच वेळा का

ज्ञानेशची आणि माझी ओळख लाल पेटीपाशी झाली. बिघडलेला माल टाकतात ती पेटी. तिच्यात त्याचे एक्केचाळीस बुश, म्हणजे मशीनमध्ये बसवायच्या धातूच्या कड्या, पडले होते आणि दहाव्याला माणसं कावळ्याची वाट बघतात तसा तो त्यांच्याकडे बघत उभा होता.

मी मिनल. भोसरीच्या या वर्कशॉपमध्ये क्वालिटी तपासते. माल बिघडला की आमच्याकडे एक फॉर्म भरतात. का बिघडला? येईल त्या उत्तरावर पुन्हा का? असं पाच वेळा. पाचव्या 'का'ला खरं कारण सापडतं म्हणे. बहुतेक जण पहिल्याच 'का'ला 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' लिहून चहाला जातात.

मला मात्र पाचही विचारायला आवडतात. मी दहावीत असताना बाबांची कंपनी बंद पडली. बावीस वर्षांची नोकरी, आणि गेटवर एका ओळीची नोटीस. का, ते कुणीच सांगितलं नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना विचारते. रिक्षावाल्यांना, डॉक्टरांना, काळेवाडीला मला बघायला आलेल्या दोन स्थळांना. स्थळं परत आली नाहीत.

आणखी एक गोष्ट होती... फॉर्ममध्ये न लिहिण्याजोगी. गेले तीन महिने हा मुलगा वीस फुटांवरच्या मशीनवरून माझ्याकडे डोळे बारीक करून हसायचा. मी लक्ष द्यायचे नाही. फक्त ओढणी नीट करायचे. रोज.

"का बिघडले?" मी विचारलं.

"निष्काळजीपणा लिवा, मॅडम."

"आधी दोनदा लिहिलाय. तिसऱ्यांदा लिहिला तर ठेकेदार तुम्हाला काढून टाकेल."

"व्हय."

"मग?"

"मग काय, लिवा. अक्षर चांगलं हाय तुमचं, असं ऐकलंय."

स्वतःची नोकरी घालवायची एवढी घाई असलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. फॉर्म शनिवारी द्यायचा होता. हातात तीन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मी त्याच्यासमोर बसले. "माप का चुकलं?"

"व्हर्नियरच्या रेघा हलत्यात."

"रेघा कोरलेल्या असतात, ज्ञानेश."

"माझ्या हलत्यात." त्याने शेंगदाण्याची चटणी माझ्याकडे सरकवली. "घ्या."

"लाच?"

"न्हाई. तोंड बंद ऱ्हातंय का बघतोय."

चटणी चांगली होती. तोंड बंद राहिलं नाही. "समोरच्या भिंतीवर काय लिहिलंय?"

"सुरक्षा प्रथम."

"धूम्रपान निषिद्ध लिहिलंय."

"सगळीकडं सुरक्षा प्रथमच असतंय, मॅडम. ही कंपनीची चूक हाय."

शुक्रवारी शिफ्ट सुटल्यावर मी त्याला बसस्टॉपवर गाठलं. "चष्मा का नाही लावत?"

त्याने रस्त्याकडे तोंड फिरवलं. त्याला तिथे काय दिसत होतं, देव जाणे.

"चार वर्षं भरतीची तयारी केली," तो म्हणाला. "रोज पहाटे पळायचो. पळण्यात पहिला आलो आन् मेडिकलला डोळ्यांवर बाद झालो. चष्मा लावला की... संपलं ना ते."

"लावला नाही तरी संपलंच आहे. मग का?"

"आमचे तात्या गावात सांगत्यात, पोरगं फौजेत हाय, सुट्टीवर आलंय."

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

"तीन वर्षांची सुट्टी?"

"गावची माणसं चांगली हायत. कुणी इचारत न्हाई."

मी हसणार होते. पण मग तो म्हणाला, दर रविवारी चाकणच्या पुढे उतरला की फाट्यापासून घरापर्यंत तो छाती काढून चालत जातो. कुणी बघत असलं तर म्हणून. बस आली. आम्ही दोघंही चढलो नाही.

"यातलं काय लिवू नका, मॅडम. नोकरी गेली तर तात्यास्नी सांगंन, सुट्टी वाढली."

शनिवारी फॉर्म पुढ्यात घेऊन बसले. चार वर्षं हा फॉर्म भरतेय, पण तळाची बारीक ओळ त्या दिवशी पहिल्यांदा वाचली: 'कारण म्हणून माणसाचं नाव लिहू नये.' आणि मी तर आजवर प्रत्येक 'का' नाव शोधायलाच विचारत आले होते. गेटवरच्या त्या नोटिशीलासुद्धा. कुणाची चूक? कुणाची?

पाचव्या रकान्यात मी लिहिलं: 'कामावर घेताना कुणाचेच डोळे तपासत नाहीत. उपाय: सगळ्यांचे तपासावेत.'

"आन् निष्काळजीपणा?" सुपरवायझर सनीभाऊंनी विचारलं.

"तो पाचव्या ओळीपर्यंत पोचला नाही."

पुढच्या गुरुवारी तपासणी झाली. अठ्ठावीस माणसांत अकरा चष्मे निघाले. सनीभाऊ डॉक्टरांचा तक्ता सोडून शेजारचं कॅलेंडर वाचत होते. ज्ञानेशचा नंबर असा निघाला की एका रेघेच्या दोन दिसाव्यात. आणि मला — क्वालिटीवालीला — लांबचा, पाऊण. हातातला माल स्वच्छ दिसायचा, म्हणून कधी कळलं नव्हतं.

चष्मे आले. पुढच्या सोमवारी शिफ्ट सुटता सुटता मी माझ्या टेबलावरून त्याच्याकडे बघितलं. तो हसत नव्हता. मी उठून गेले.

"हल्ली हसत नाही तुम्ही?"

"आधी कवा हसत हुतो?"

"तीन महिने. माझ्याकडे बघून."

"मॅडम..." तो कमालीचा गोंधळला. "तुमच्या डोक्यावर घड्याळ हाय ना. किती वाजले ते बघायचो, डोळे बारीक करून. तुमच्या जागी मला नुसतं पिवळं दिसायचं. मला वाटायचं, कुणीतरी ओढणी वाळत घातलीय."

तीन महिने नीट केलेली ओढणी मी पुन्हा एकदा नीट केली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तात्या काय म्हणाले?"

"बघत ऱ्हायले. मग म्हणले, 'सायेब दिसतोयस.' आन् पारावर सांगून आले, पोराला फौजेनं हापिसात घेतलं."

"अरे देवा."

"मग मीच गेलो पारावर. म्हणलं, भरतीत घेतलं न्हाई, भोसरीत बुश बनवतो. कुणी कायच बोललं न्हाई. एका म्हाताऱ्यानं इचारलं, बुश म्हंजी काय?" तो हळूच म्हणाला, "येताना साधाच चालत आलो, मॅडम. लई सोपं हाय साधं चालणं."

मी उगाच एक बुश उचलून तपासू लागले. त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"आता मी इचारू? अलीकडं दिसातनं सहा वेळा माझ्या मशीनवर येता. का?"

"माल तपासायला."

"बाकीच्यांकडं एकदाच जाता. का?"

"तुमचा माल जास्त बिघडायचा."

"आता बिघडत न्हाई. तरी येता. का?"

"तुम्ही हसता असं वाटायचं म्हणून..."

"ते तर खोटं निघालं. तरी आज आलाच. का?"

लोक माझ्यावर का चिडतात, ते मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. कान तापले होते.

"नाही आले की... दिवस लांबतो."

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. आणि माझ्याकडे बघून हसला. या वेळी शंकेला जागा नव्हती. चष्मा मलाही होता.

"पाचवा 'का' ऱ्हायला. त्याचं उत्तर सावकाश दिलं तरी चालंल... मिनल."

"अपुरा फॉर्म आम्ही घेत नाही," मी म्हटलं. आणि सांगून टाकलं.

सहाव्या 'का'ला रकाना नसतो. त्याने विचारलाही नाही. तिकडे माझ्या टेबलामागच्या भिंतीवरच्या घड्याळात सुट्टी होऊन वीस मिनिटं झाली होती, आणि त्याने तिकडे एकदाही बघितलं नाही.