यांगदोल आधी पोचली होती

बुखारीच्या शेगडीत अजून दोन शेण्या टाका, आणि ते दार नीट लोटून घ्या. वारा आत येतो म्हणून म्हणते. दुसरं काही नाही.

तेव्हा मी झंस्कारच्या वरच्या टोकाला एका वसतिशाळेत शिकवत होते. मुलं मला मॅडम म्हणायची नाहीत, आचे म्हणायची. आचे म्हणजे ताई. खरं सांगायचं तर शाळा निम्मीअधिक मुलंच चालवायची. भाजीचं काचघर, सौरदिव्यांची देखभाल, सकाळच्या बातम्या, सगळं मुलांच्या समितीकडे. समितीचा म्होरक्या होता जिगमेट. उंच, शिष्ट, आणि तोंडाचा फटकळ.

हिवाळ्याआधी आम्ही वरच्या कुरणावर सरपण गोळा करायला जायचो. दरवर्षीचंच काम. मुलं काटेरी झुडपं उपटायची, पाठीवर भारे बांधायची, गाणी म्हणत उतरायची. त्या वर्षी उतरताना धुकं आलं. खाली ओढ्यापाशी थांबून पाहिलं तर यांगदोल नव्हती.

यांगदोल आमची नाचातली पहिली. चार दिवसांवर शाळेचा वार्षिक उत्सव आला होता आणि ओळीच्या पुढे तीच असणार होती. आम्ही हाका मारल्या. मी जिगमेटला घेऊन पुन्हा वर गेले. धुक्यात आमच्याच हाका परत यायच्या, त्याही जरा उशिरानं. शेवटी अंधार पडायला आला, बाकीची मुलं गारठली होती. त्यांना शाळेत सोडून माणसं घेऊन यायचं ठरवलं.

शाळेच्या कुंपणापाशी आलो, तर यांगदोल भिंतीला टेकून उभी होती.

"अगं, तू कशी आलीस?" मी तिचे खांदे धरले. अंगाला ओल्या दगडासारखा वास येत होता. "खालच्या वाटेनं आलीस का?"

"खालच्या वाटेनं आले," ती म्हणाली.

मला इतकं हायसं वाटलं, की तिच्या गावावरून नदीकाठानं येणारी खालची वाट उन्हाळ्यातच दरड कोसळून तुटली आहे हे मला आठवलंच नाही. जिगमेटला आठवलं. त्या रात्री थुकपा वाढताना तो तिच्याकडेच पाहत होता.

दोन दिवसांनी तो माझ्या खोलीत आला.

"आचे, यांगदोल वाकत नाही."

"म्हणजे?"

"स्वयंपाकघराच्या बुटक्या दारातून आत येत नाही. बाहेर उभी राहून वाडगा मागते. बुटांचे बंद बांधत नाही. नाच सुरू करताना सगळ्या मुली वाकून नमस्कार करतात, ती नुसते हात खाली सोडते." मग आवाज उतरवून म्हणाला, "तुम्हाला ठाऊक आहे कोण वाकत नाही ते."

ठाऊक होतं. आमच्याकडे त्याला रोलांग म्हणतात, उठून चालायला लागलेलं प्रेत. त्याला कंबरेत वाकता येत नाही, म्हणून तर जुन्या घरांची दारं बुटकी. लहानपणी आजी ह्याच गोष्टी सांगून आम्हाला झोपवायची.

"जिगमेट," मी म्हटलं, "यांगदोल बाजूला झाली तर पुढे कोण नाचणार?"

तो लाल झाला. त्याची चुलतबहीण ल्हाझेस ओळीत दुसरी होती.

"तुम्हाला तसंच वाटणार," तो म्हणाला. "पण मग तुम्हीच विचारा ना तिला. मी कशाला सांगू? मी तर लबाड."

दार आपटून गेला.

मला खरंच त्याचाच संशय होता. तरी संध्याकाळी मी यांगदोलला काचघरात गाठलं. ती वाफ्यांमधल्या वाटेवर उभी होती, हातात झारी नाही, काही नाही.

"पाठ दुखते का तुझी?"

"पाठ दुखते."

"कुरणावर पडलीस?"

"कुरणावर पडले."

"मग सांगायचं नाही का? घाबरलीस?"

"घाबरले."

मी तिच्या गालावरून हात फिरवला आणि निघाले. दारापर्यंत गेले, आणि पाय थबकले. आल्यापासून तिनं दिलेलं एकही उत्तर तिचं स्वतःचं नव्हतं. जे मी विचारत होते तेच ती मला परत देत होती.

मी वळले. ती तशीच उभी, हसरी.

"यांगदोल... तुमच्या घरच्या झोमोचं नाव काय गं?"

झोमो म्हणजे आमच्याकडची दुभती, याक आणि गाईची पैदास. घरातली पोर तिचं नाव झोपेतही सांगेल. काचेवर बाहेरून वारा आपटत होता. बऱ्याच वेळानं ती म्हणाली,

"विचारून सांगते."

"कुणाला विचारून?"

ती नुसती हसली.

त्या रात्री मी मुलींच्या खोलीला रोज लावते तशी बाहेरून कडी लावली नाही, आणि माझ्या खोलीला मात्र आतून लावली. काय समजायचं ते समजा.

सकाळी प्रार्थनेच्या रांगेतून जाताना ती माझ्यापाशी थांबली. "करमो," म्हणाली. "कपाळावर पांढरा ठिपका आहे, म्हणून करमो."

माझा जीव भांड्यात पडला. बघा, किती चटकन पडतो. मी स्वतःलाच समजावलं, की पोरीला मुका मार लागलाय, डोकं जरा बधिर झालंय, उत्सव झाला की दवाखान्यात नेऊ.

उत्सवाच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. मैदानात सतरंज्या घातल्या, गुडगुड चहाच्या किटल्या फिरत होत्या, लामाजी आले होते, गावोगावचे आईबाप आले होते. मी फाटकापाशी पाहुण्यांच्या गळ्यात मानाचे पांढरे शेले, खतक, घालत होते. तेवढ्यात चढावरून यांगदोलचे वडील आले. तुंडुप त्यांचं नाव. त्यांचं गाव म्हणजे दिवसभराची वाट.

"जुले, अबा. मुलीचा नाच बघायला आलात ना?"

ते मला पाहून जागच्या जागी उभे राहिले.

"आचे? तुम्ही माझ्या आधी कशा पोचलात? काल दुपारी मी निघालो, तेव्हा तुम्ही आमच्याकडेच होतात."

मला वाटलं थट्टा करताहेत. "मी कशाला तुमच्याकडे असेन?"

"अहो, असं काय करता?" ते हसायला लागले. "यांगदोलचा पाय मोडला, आमच्या मेंढपाळानं तिला घोड्यावर घालून घरी आणलं, आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही दारात! शाळेला निरोप पाठवू नका, मीच सांगते, म्हणालात. पोरीच्या उशाशीच होतात. मी तिचे कपडे न्यायला आलोय, आता बर्फ वितळेपर्यंत ती काही येत नाही."

माझ्या हातातला खतक खाली पडला.

"अबा... मी तुमच्या घरी काय बोलले? आठवून सांगा."

"फार नाही बोललात. परवा संध्याकाळी मात्र एकदम विचारलंत, तुमच्या झोमोचं नाव काय."

त्याच वेळी नगारा वाजला. सनईसारखी सुरना सुरू झाली आणि मुलींची ओळ मैदानात आली. सगळ्यांच्या पुढे यांगदोल. हिरवा घोळदार गोंचा, डोक्यावर टोपी, दोन्ही पाय धड. ओळ पाहुण्यांसमोर थांबली आणि सगळ्या मुली कंबरेत वाकल्या. वाकलेल्या पाठींमध्ये ती एकटी ताठ उभी होती, आणि बरोबर आमच्याकडे पाहत होती.

"आचे," तुंडुप पुटपुटले, "ती कोण...?"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरले. तो चेहरा मी अजून विसरले नाही.

"आणि तुम्ही कोण? वाका बघू. माझ्यासमोर वाका."

मी वाकले. धुळीत हात टेकले, कपाळ टेकलं. वर पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मैदानात गलका झाला होता. यांगदोल नाचाची ओळ सोडून, तालावर एकेक पाऊल टाकत, मागच्या फाटकातून बाहेर पडली होती. नगारा वाजवणारा बघतच राहिला. जिगमेट तिच्यामागे धावला. फाटकाबाहेर उघडा माळ, आडोसा म्हणून काही नाही. त्याला कुणी दिसलं नाही.

"चल," मी त्याला म्हटलं, "घोडी काढ."

"आता पटलं?" तो म्हणाला. पण त्याचेही ओठ पांढरे पडले होते.

आम्ही तिघं घोडी दामटत निघालो. तुंडुप सारखे मंत्र पुटपुटत होते. उन्हं उतरली तेव्हा त्यांच्या गावात पोचलो. यांगदोलची आई अंगणात जव पाखडत होती. मला पाहून तिनं सूप खाली ठेवलं.

"काय हो आचे, काही विसरलं की काय?"

"यांगदोल कुठंय?"

"असं काय विचारता? आत्ताच तर पाठुंगळी घेऊन गेलात तिला. नाच चुकायला नको म्हणालात. मी नको नको म्हणत होते..." तिनं नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे, आणि सूप पायांनी लवंडत ती भिंतीला जाऊन चिकटली.

"कुठल्या वाटेनं?" जिगमेट ओरडला.

तिनं हात केला. खालची वाट.

तुटलेल्या टोकाशी आम्हाला यांगदोल सापडली. जिथं वाट संपते आणि खाली नुसती नदीची घळ आहे, तिथं काठावर बसली होती. फळ्या बांधलेला पाय पोकळीत सोडलेला. जिगमेट पोटावर सरपटत गेला आणि तिला काखेत धरून मागे ओढून घेतलं. ती थरथरत होती, पण जिवंत होती. ऊबदार होती. मी तिला जवळ घ्यायला गेले, तर तिनं किंचाळून जिगमेटच्या छातीत तोंड लपवलं.

"आचेनं सांगितलं, इथंच बस," ती नंतर कधीतरी आईला म्हणाली. "म्हणाली, मी पलीकडे जाते. मी हाक मारली की उठून ये."

"मग? मारली हाक?"

"मारत होती. हे लोक आले म्हणून राहिलं."

पाय बरा झाला, पण यांगदोल आमच्या शाळेत परत आली नाही. तिला दुसरीकडे घातलं. जिगमेटला मी सगळ्यांसमोर शाबासकी दिली, तेव्हा त्यानं मान खाली घातली. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत तो माझ्या वर्गात सर्वांत मागे, दाराजवळ बसायचा. मी त्याला कधी पुढे बोलावलं नाही. वर्ष संपलं तशी मीही बदली मागून लेहला आले. त्या खोऱ्यात पुन्हा पाऊल ठेवलं नाही. त्याला आता खूप वर्षं झाली.

यांगदोलचं लग्न झालं, मुलं झाली, एवढं कानावर होतं. मागच्या आठवड्यात बाजारात एक तरुण मला पाहून हसत पुढे आला. जुले म्हणाला. मी यांगदोलचा नवरा, म्हणाला.

मी विचारलं, "कशी आहे ती?"

"बरी आहे. कामानं सध्या इथं लेहलाच आहे माझ्याबरोबर. पण तुमच्यामुळे काळजी नाही हो, आचे. ती घरी नसली, की तुम्ही गावी येऊन आमच्या धाकटीजवळ थांबता. पोरीला तुमचा फार लळा आहे." मग माझ्या हातातल्या भाजीच्या पिशवीकडे बघत त्यानं विचारलं, "पण आज तिच्याजवळ कोण आहे?"