पळसाचा बाप

मंगळवारी सकाळी मी स्कूटर काढली आन् उतई गावाकडे गेलो, पळसाचे देठ आणाले. तीनशे साठ पाहिजेत, असं आमच्या मराठी मंडळाच्या भैय्याजींनी सांगितलं होतं. माणसाच्या अंगात तेवढी हाडं असतात म्हणे. बाबा असते तर म्हणाले असते, "दोनशे सहा! शाळेत काय शिकला तू?" बांधावर उभा राहून मी देठ मोजून राहिलो होतो आन् स्वतःलेच शिव्या घालून राहिलो होतो. सुजय, लाज वाटते का काही तुले?

हे तुलेच सांगून राहिलो, तू ऐक फक्त. मंडळात बोलू नको.

माझ्या बाबांनी देहदान केलं होतं. तीस वर्षं भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये सेफ्टी पाह्यली, देवापुढे हात कधी जोडले नाहीत. जायच्या आदल्या दिवशी मले म्हणाले, "माझ्या नावानं काही जाळायचं नाही. कबूल?" मी कबूल म्हटलं. मग मेडिकल कॉलेजची गाडी आली आन् त्यांले घेऊन गेली.

आईनं त्या दिवसापासून अन्न सोडलं. "ते अधांतरी फिरून राहिले," एवढंच म्हणे. नवव्या दिवशी ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. मंडळाचे अध्यक्ष भैय्याजी टपूनच होते.

"देह नसला तरी शास्त्रात सोय आहे," ते म्हणाले. "पळसाचा माणूस करायचा, त्याले अग्नी द्यायचा. आई जगवायची का बापाचा शब्द, तू पाह्य."

मी आई निवडली. खोटं कावून बोलू, बाबांचा रागही आला होता. मेलेला माणूस जिवंत बाईले उपाशी मारते म्हणजे काय!

दुपारी बारा वाजता, शिवनाथ नदीच्या काठी भैय्याजींनी दर्भावर देठ मांडले. नारळाचं डोकं, कवड्यांचे डोळे, वरून बाबांचा खाकी शर्ट. आईनं त्या शर्टावर हात फिरवला आन् दहा दिवसांत पहिल्यांदा रडली. मग मी अग्नी दिला.

देठ ओले होते, नुसता धूर व्हाले पाहिजे होता. धूर झाला नाही. वास आला... कोणता ते तुले सांगाले नको, तूही कोणाले तरी मसणात पोचवलं असशील. मंडळाच्या दोघांनी नाकाले रुमाल लावले. भैय्याजींचे मंत्र भराभर धावाले लागले. वारा पडला होता, आन् उजव्या बाहीतून बाहेर आलेले पाच देठ हळूहळू वळले. एकेक करून, मूठ मिटावी तसे.

"बाबा..." माझ्या तोंडून निघालं.

"बोलू नको," भैय्याजी पुटपुटले. घामानं डबडबले होते. पण आग निवल्यावर तोच माणूस खुलला. "पाह्यलं ना? एवढा नास्तिक, पण शेवटी आलाच आपल्यात! रविवारी मंडळात सांगू. फोटो लावू."

"ओलं लाकूड तापलं की वळते," मी म्हणालो. मले स्वतःलेच ते पटलं नाही.

घरी आल्यावर आईनं वरण-भात खाल्ला, दोनदा वाढून घेतला. मले सुख वाटाले पाहिजे होतं. मी या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो, हात चार वेळा धुतले, वास जाईना.

साडेतीनले फोन आला. कॉलेजात बॉडी सांभाळणारे शामसुंदर. दुर्गचा मराठी माणूस, गाडी घेऊन तेच आले होते.

"साहेब... तुमचे बाबा हार्टनंच गेले ना?"

"हो. का?"

"नाही... अंगावर भाजल्याचं दिसून राहिलं. नोंद करावी लागेल."

नोंद झाली तर गोष्ट भिलाईभर होईल, भैय्याजी हार घेऊन कॉलेजात पोचतील. जन्मभर ज्या माणसानं स्वतःच्या डोक्यानं विचार केला, तो मंडळाच्या भिंतीवर चमत्कार होऊन लटकेल. एक शब्द मी मोडला होता. निदान एवढं तरी वाचवू, म्हटलं.

"प्लांटमध्ये होते ना ते," मी म्हणालो. "कोक ओव्हनच्या भट्टीवर. जुने डाग असतील."



"जुने नाहीत, साहेब..." शामसुंदर अगदी हळू बोलले. "दहा दिवसांपासून कोल्ड स्टोरेजमध्ये आहे बॉडी. आत्ता मी हात लावला... माझी बोटं भाजली."