पाइपातला श्वास

हे खरंच घडलंय.

ज्याच्यासोबत घडलं तो माझा सख्खा आतेभाऊ. आणि थापा मारणं त्याला जमतच नाही. शाळेत पोटदुखीचं नाटकसुद्धा धड करता यायचं नाही त्याला, हटकून पकडला जायचा.

सगळे त्याला पाना म्हणतात. लहानपणापासून हातात पाना, म्हणून पाना.

रात्र वगैरे काही नव्हती. शनिवारची दुपार. पानाच्या गॅरेजचं शटर अर्धं वर, बाहेर लख्ख ऊन.

आत दादाची गाडी.

दादा म्हणजे पानाचा मोठा भाऊ. सहा महिन्यांपूर्वी गेला. फुप्फुसं निकामी झाली. शेवटी शेवटी नुसता मास्क आणि मशीन. बोलता यायचं नाही, म्हणून काही हवं असलं की पलंगाच्या दांडीवर अंगठी वाजवायचा.

टक... टक टक.

पाना उशाशीच बसलेला असायचा. तो आवाज त्याच्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

गाडी टर्बोची, दादानं स्वतः ट्यून केलेली. कंपनीनं दिली त्याच्या दीडपट ताकद. पण पळवण्यापेक्षा जपायचं वेड जास्त. इंजिन गरम झाल्याशिवाय जोरात पाय द्यायचा नाही. ऑइल निम्म्या अंतरातच बदलायचं. दामटून आणली की लगेच बंद करायची नाही, थोडा वेळ तशीच चालू ठेवायची, टर्बो गार होऊ द्यायचा.

"पळवतो कुणीही रे," दादा म्हणायचा. "दहा वर्षांनी अशीच पळाली, तर मानलं."

आता ती गाडी वहिनी चालवायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या छोटीला, म्हणजे त्यांच्या मुलीला, घेऊन डोंगरावरच्या गावी राहायला जाणार होत्या. घाटाखाली नवी नोकरी लागली होती. आता रोज घाट उतरायचा, रोज चढायचा.

आणि आदल्याच आठवड्यात ओव्हरटेक करताना गाडीनं ऐन वेळी मान टाकली. बाजूला ट्रक, समोरून बस, मागच्या सीटवर छोटी. कशाबशा वाचल्या.

पानाला अंदाज होता. टर्बो हवा दाबून इंजिनात ढकलतो. मधल्या पाइपात कुठे लीक असलं की हवा बाहेर जाते, ताकद संपते. वरून टर्बो उगाच जास्त फिरतो आणि एक दिवस बसतो.

लीक शोधायची रीत सोपी. गाडी बंद. टर्बोचं तोंड बंद. पाइपात हवा भरायची आणि दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा बघायचा. थोडा तर पडतोच, कारण थोडी हवा इंजिनातून निसटतेच. भराभरा पडला तर लीक.

पानानं हवा भरली. व्हॉल्व्ह बंद केला. कॉम्प्रेसरची नळी काढून बाजूला टाकली.

काटा खाली आला.

आणि...

वर गेला.

नळी जमिनीवर पडलेली. हवा येणार कुठून?

परत खाली. परत वर.

"गेज गेला वाटतं," पाना स्वतःशीच बोलला. दुसरा गेज लावला.

तेच.

मग त्यानं साबणाचं पाणी घेतलं आणि ब्रशनं एकेका जोडावर फासलं. लीक असेल तिथे बुडबुडे येतात. दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या खालच्या जोडावर एक बुडबुडा आला. लिंबाएवढा फुगला.

आणि फुटला नाही...

आत ओढला गेला.

पुन्हा फुगला. पुन्हा आत.

पानानं पाइपाला कान लावला.

दोन छोटे. एक लांब. मध्ये घरघर.

तो श्वास त्यानं हॉस्पिटलात महिनाभर ऐकला होता.

तरी हाताची सवय. लीक सापडलं की हात जोडावरच्या क्लिपकडेच जातो. त्यानं क्लिप आवळली.

श्वास थांबला.

काटा थांबला. अगदी थांबला. केसभरही हलेना. असा तो कधीच थांबत नाही.

बाहेर मुलं सायकलवरून ओरडत गेली. आत काहीच नाही...

मग काटा वर चढायला लागला. हळूहळू.

आणि पाइपाच्या आतून...

टक.

टक टक.

"दादा?"

टक टक टक टक टक.

पानानं क्लिप सैल केली. फस्सकन हवा सुटली, थेट तोंडावर. थंडगार. औषधाचा वास. हॉस्पिटलच्या त्या खोलीचा.

आणि पुन्हा ते सुरू झालं. दोन छोटे, एक लांब.

"भाऊजी, झाली का गाडी?"

शटरखालून वाकून वहिनी आत आल्या होत्या. पाना जमिनीवर बसलेला, डोळे भरलेले.

"वहिनी, तुम्ही बसनं जा. गाडी राहू दे इथे."

"आणि रोज काय, उडत जाऊ? झालंय काय? भूत पाहिल्यासारखं तोंड झालंय तुमचं."

पानानं पाइपाकडे बोट केलं. वहिनी वाकल्या. बुडबुडा फुगला... आत गेला. त्यांनी कान लावला.

मग हळूच म्हणाल्या, "हेच आहेत."

"क्लिप आवळली की गुदमरतो तो, वहिनी. मी नाही आवळणार."

"आणि नाही आवळली तर?"

पानाची नजर मागच्या सीटवर गेली.

"भाऊजी, छोटी की स्वतःचा श्वास, असं कुणी विचारलं असतं ना, तर ह्यांनी उत्तर द्यायलाही वेळ घेतला नसता." त्यांनी क्लिपकडे बोट केलं. "आवळा."

"वहिनी..."

"आवळा म्हणते ना! नाहीतर द्या इकडे पाना."

त्यानं आवळली.

टक. टक टक.

वहिनींनी पाइपावर तळहात ठेवला. तापात माणसाच्या छातीवर ठेवतात तसा. "छोटी बसणार आहे हो उद्या गाडीत," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी. एवढं एकदाच."

टकटक वाढली. पाइप हातात थडथडायला लागला. दोघंही रडत होती, पण पानानं क्लिप सोडली नाही आणि वहिनींनी हात काढला नाही.

मग टकटक मंदावली.

टक...

टक...

आणि काटा खाली यायला लागला. संथ. जसा यायला हवा तसा.

पाना मला म्हणाला, "त्यानं ऐकलं म्हणून थांबला, की... की आम्ही दुसऱ्यांदा त्याला..."



दुसऱ्या दिवशी वहिनी गेल्या. दुपारी फोन आला. पानानं स्पीकरवर टाकला, मी शेजारीच होतो.

"गाडी एकदम झकास, भाऊजी. घाटात तीन ट्रक मागे टाकले. कुठेही दम कमी पडला नाही."

"मग झालं तर."

"हो..."



"फक्त एक आहे. काचा बंद केल्या की श्वास पुरत नाही आत. मला वाटलं, मलाच होतंय. पण छोटीही म्हणाली, आई, हवा नाहीये. घाटभर काचा उघड्या ठेवूनच आलो."



या गोष्टीला आता वर्ष होईल. गाडी एकदाही बंद पडलेली नाही. वहिनी रोज घाट चढतात, उतरतात.

थंडीतसुद्धा काचा खाली असतात.

मागच्या महिन्यात मी त्या गाडीत बसलो होतो. पाऊस होता, म्हणून सवयीनं माझ्या बाजूची काच वर केली...

छोटीनं मागून पटकन माझा हात धरला.

"काका, नको ना," ती म्हणाली. "बाबा गुदमरतात."

तिला यातलं कुणीही काहीही सांगितलेलं नाही.