तीस दिवसांची मुभा

देवाजी कुनघाडकर हयात आहेत की नाहीत, हे मशीनला काही केल्या कळत नव्हतं.

नोव्हेंबर महिना. चामोर्शीत पूनमच्या ऑनलाइन सेंटरवर पेन्शनवाल्यांची रांग लागली होती. दरवर्षी याच महिन्यात प्रत्येकाने अंगठा देऊन आपण जिवंत असल्याचा दाखला काढायचा, तेव्हा कुठे पेन्शन पुढे चालू राहायची. देवाजींनी उजवा अंगठा दिला, डावा दिला, पँटला पुसून पुन्हा उजवा दिला. दिवा लालच.

"काकाजी, रेषाच घासल्या तुमच्या," पूनम म्हणाली.

"छत्तीस वर्षं जंगलात लाकडाईवर शिक्क्याचे हातोडे मारले पोरी. रेषा कुठून राह्यतीन?"

भिंतीकडच्या खुर्चीवर बसलेल्या मनकर्णाबाईंनी झटकन मान वळवली. चेहरा ओळखीचा वाटला नाही. पांढऱ्या मिशा, कानात मशीन... पण आवाज! तो आवाज कुठेही ओळखला असता त्यांनी.

त्या उठल्या. बाटलीतल्या पाण्याने रुमालाचं टोक भिजवलं, काही न विचारता त्या माणसाचा हात हाती घेतला, अंगठा पुसला, दोन तळव्यांमध्ये धरून जरा ऊब दिली आणि काचेवर टेकवला.

"जोर नका लावू. नुसता ठेवा."

दिवा हिरवा झाला.

"झाले जिवंत!" पूनम ओरडली. रांग हसली.

देवाजी मात्र दिव्याकडे पाहतच नव्हते. "तुमी... नर्सबाई ना? एटापल्लीकडच्या?"

"आणि तुम्ही गार्डसाहेब."

त्यांनी हात सोडला, जरा उशिराच.

मनकर्णाबाई आल्या होत्या त्या वेगळ्याच कामाला. बहिणीची पोर दीपाली त्यांनी लहानाची मोठी केली होती. ती आता नवऱ्याबरोबर मलेशियात होती आणि जानेवारीत तिचं पहिलं बाळंतपण होतं. चौसष्टाव्या वर्षी मनकर्णाबाईंच्या पिशवीत कोरा पासपोर्ट होता आणि डोक्यात गोंधळ.

"पूनम, दीपाली तर म्हणते तिथं व्हिसाच लागत नाही. मग एवढ्या भानगडी कशाच्या?"

"व्हिसा लागत नाई मावशी, पण नियम लागतात ना. पासपोर्ट सहा महिने तरी चालू पाह्यजे, तो आहे. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत एक ऑनलाइन फॉर्म भरायचा, तो मी भरून देतो. राहायचा पत्ता पाह्यजे. आन् परतीचं तिकीट... मावशी, तुमचं तर नुसतं जायाचंच तिकीट आहे!"

ते काही चुकून झालं नव्हतं. 'मावशी, ये ती कायमचीच ये,' असं दीपाली म्हणाली होती. 'पुढचे कागद आल्यावर पाहू. तिथं आता तुझं आहे कोण?' शेजारच्या रुखमाला मनकर्णाबाईंनी पाण्याचे दोन पितळी गुंड देऊनही टाकले होते.

"परतीचं नसलं तर?"

"तर तिथला साहेब दारातूनच माघारी पाठवू शकते. बिनाव्हिसाचे तीसच दिवस. एकतिसावा दिवस नाई."

"बरा कायदा आहे," देवाजी पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"काई नाई... मानूस परत तर येते."

त्यांचा दाखला छापून हातात आला होता. तरी ते उठले नव्हते. शेजारची खुर्ची त्यांनी हळूच मनकर्णाबाईंच्या बाजूला ओढली होती, आणि मनकर्णाबाईंनी पिशवी मांडीवर घेऊन जागा केली होती.

"आन् तिथं इचारतीन बरं का," पूनम सांगू लागली. "कुठं जाऊन राह्यल्या, सामानात काय, परत कधी जानार. उत्तरं पाठ ठेवा. काकाजी, बसलेच आहा तर मावशीचा सराव घ्या. मी तोवर बाकीच्यांचे अंगठे घेतो."

देवाजी ताठ बसले. घसा साफ केला. "कुठं चालल्या बाई? डब्यात काय? परत कधी?"

मनकर्णाबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. हेच, अगदी याच क्रमाने...

एटापल्लीच्या रस्त्यावर वनखात्याचा नाका होता. आडवा बांबू, एक झोपडी आणि एक रजिस्टर. लाकडाचे ट्रक थांबायचे, बैलबंड्या थांबायच्या. सायकलला थांबायचं कारण नव्हतं. तरी तेवीस वर्षांच्या मनकर्णेची सायकल वळणावर दिसली की बांबू खाली यायचा. मागच्या कॅरिअरवर लसीचा डबा, त्यात बर्फ वितळतोय, पुढे तीन गावं करायची आहेत आणि हा विचारतो... डब्यात काय!

"काल होतं तेच," ती कपाळाला आठ्या घालून म्हणायची.

"काल काय होतं ते आज कसं लक्षात राहीन?"

बांबू वर व्हायचा. ती निघायची, आणि पहिल्या सागापर्यंत आठ्या टिकवायची. पुढे हसलं तरी कोणी पाहत नसे. सगळा मुलूख त्याला गार्डभाऊ म्हणायचा. एकट्या तिने त्याला कधी भाऊ म्हटलं नाही.

मग एका उन्हाळ्यात नाक्यावर दुसराच माणूस दिसला. बांबू वरच होता. तरी ती उतरली, सायकल धरून उभी राहिली. "जा ना बाई," नवा गार्ड म्हणाला. "सायकलीले काय इचारायचं?"

त्या दिवशी तीन गावं तिला फार लांब वाटली होती.

"सराव राहू द्या," मनकर्णाबाई आता म्हणाल्या. "तुम्ही एक सांगा. न सांगता काऊन गेले?"

देवाजींनी मिशीवरून बोट फिरवलं. "तुमच्या पायी."

"माझ्या?"

"रोज तुमची नोंद करत होतो मी रजिस्टरात. सायकल एक, डबा एक, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. परतीची बी. आठ महिने! रेंजरसाहेब तपासनीले आले आन् भडकले. म्हने, हे डब्याची सायकल रोज काय नेऊन राह्यली? डिंक? मध? उद्या तिची झडती घेतो."

"अगं बाई! मग?"

"मग मी म्हटलं, नोंदी खोट्या आहेत साहेब. बसून बसून कंटाळा ये, म्हनून लिहिल्या. त्याईनं दुसऱ्याच दिवशी सिरोंच्याले धाडलं. खरं कारन सांगतो, तर तुमचं नाव गावोगाव झालं असतं."

मनकर्णाबाई हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागला. चाळीस वर्षं त्या समजत होत्या की त्यांचंच काही चुकलं. आणि इकडे हा माणूस लसीच्या डब्यापायी गोदावरीच्या काठाला जाऊन पडला होता!

"आणि... खरं कारण काय होतं?"

पूनमचा हात मशीनवर थांबला. रांगेतले कोलूबुवा खाकरले. "बोला ना भाऊ लवकर. आमचे अंगठे राह्यले आहेत."

"कोलू, तू गप राय." देवाजी खाली पाहत म्हणाले, "पुढं लग्न झालं माहं. चांगली होती बाई, खोटं नाई बोलत. तिले जाऊन नऊ वर्षं झाली. पन सायकलची घंटी वाजली का... अजूनबी मान वर होते."

पूनमनेच हळू आवाजात विचारलं, "मावशी, परतीच्या तिकिटाचं काय करू? लोकं दाखवायपुरतं काढतात, आन् मंग रद्द करतात."

मनकर्णाबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. दहा गावांत नोकरी झाली त्यांची. दर बदलीला स्वतःची पेटी स्वतःच एसटीवर चढवली. बाकीच्या बाया माहेरी जायच्या, तेव्हा परत न्यायला नवरा यायचा. इतक्यात नाही येत म्हणून त्या रुसायच्या, आणि तोंडाने रुसता रुसता हातांनी लुगडी भरायच्या. मनकर्णाबाईंनी ते पुष्कळ पाहिलं होतं. त्यांच्यासाठी कोणी आलं नव्हतं.

"परत येऊन करू काय?" त्या म्हणाल्या. बोलल्या पूनमशी, पण ऐकावं दुसऱ्याने असं.

"पूनम," देवाजी एकदम म्हणाले, "मले लागन का तिथं व्हिसा?"

"नाई काकाजी. तुमालेबी नाई. पासपोर्ट मात्र काढावा लागन."

"मंग काढ. तीस दिवस भरत आले का मी जातो, बाईले न्यायले."

न्यायले! या मुलखात हा शब्द कोण कोणाबद्दल बोलतं, हे तिथे कोणाला सांगायला नको होतं. कोलूबुवांनी टोपी काढली आणि उगाच परत घातली. मनकर्णाबाईंचे कान तापले. चौसष्टाव्या वर्षी!

"एवढ्या लांब? समुद्रापलीकडे?"

"आलापल्ली-सिरोंच्याचा रस्ता पाह्यला मी, भर पावसात. समुद्राचं काय घेऊन बसल्या..." मग आवाज उतरला. "त्या देशाची परवानगी लागत नाई म्हनते हे पोरगी. तुमची लागते."

बाहेर धानाचे भारे भरलेला ट्रॅक्टर धडधडत गेला. देवाजींनी कानातलं मशीन नीट बसवलं. ऐकायचं राहून जाऊ नये म्हणून.

"पूनम, तिसाव्या दिवसाचं तिकीट काढ," त्या म्हणाल्या. "पोर बाळंतीण असेल, एक दिवस कमी करणार नाही. आणि रद्द होणारं नको. पक्कं काढ."

"पक्कं?"

"पक्कं. आणि तुम्ही हो, उशीर केलात तर मी एकटी निघेन. मला सवय आहे."

"चाळीस वर्षं झाला तेवढा पुरे," देवाजी म्हणाले. "आता नाई होत."

पूनमने लगेच त्यांचा पासपोर्टचा फॉर्म भरायला घेतला. पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात न्यायला फोटो हवा होता, म्हणून तिने भिंतीवर पांढरी चादर लावली आणि देवाजींना तिच्यापुढे उभं केलं.

"काकाजी, हसायचं नाई. हसरा फोटो चालत नाई."

देवाजींनी ओठ मिटले. फोटो निघाला. पूनमने पाहिला आणि कपाळावर हात मारला. दुसरा काढला. तिसरा काढला.

"मावशी, तुमी जरा बाहेर जाऊन उभ्या राहा बरं. तुमच्याकडे पाहून राह्यले ते."

मनकर्णाबाई बाहेर गेल्या आणि मागे दार ओढून घेतलं.

पण दार काचेचं होतं.